पाण्यात आहे तोवर भारा केशरबाईचा

निंबखेड्यात अंबाडीचा भारा पाण्यात आहे तोवर तो केशरबाईचा असायचा. काठावर आला की मालकाचा. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. केशरबाईची सासू जिवंत होती तेव्हा तो सासूचा असायचा, त्याआधी आणखी कुणाचा तरी.

पुसेगावकडून गोरेगावला जाताना आत वळलं की हे गाव. शंभर-सव्वाशे उंबरा. ओढ्याला लागून काळी जमीन, वर मुरमाड. ज्वारीच्या नाहीतर कापसाच्या कडेनं जो तो अंबाडीची दोन-चार तासं, म्हणजे ओळी, टाकायचा. कोवळी असताना भाजी खायची आणि निबर झाली की तिच्यापासून दावं, कासरा, मोटेचा नाडा, बाजेची सुतळी. अंबाडीशिवाय बैल खुंट्याला थांबला नसता.

दिवाळीच्या आगंमागं अंबाडी कापायची. पाला झडला की पेंढ्या, पेंढ्यांचे भारे, आणि भाऱ्यांची गाडी जांभळीच्या डोहावर. तिथं मालकाचं काम संपायचं. केशरबाई लुगड्याचा काष्टा खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरायची. बुडखे वरच्या अंगाला, शेंडे खालच्या अंगाला, असा एक थर. त्याच्यावर आडवा दुसरा. वर चिखल, चिखलावर दगड. दगड तिचे ठरलेले होते. कुठला कुठं बसतो ते तिला न बघता कळायचं. दहा-बारा दिवस भारे पाण्यात कुजायचे, मग साल काडीवरून सुटायची. ती ओढायची, पाण्यावर आपटून धुवायची, बाभळीवर वाळत घालायची. झाला वाख. पाचवा हिस्सा केशरबाईचा.

डोह एकाच हातानं भरायचा, यात देवाधर्माचं काही नव्हतं. कुठला थर कधी पडला, ते ज्यानं घातला त्यालाच ठाऊक. एक दिवस आधी काढला तर साल काडीला धरून बसते. दोन दिवस उशीर झाला तर वाख तुटतो आणि असल्या वाखाचा कासरा ऐन वेळी हातात येतो. मालकांना दम नसायचा. ग्यानबा पाटील एका साली आठव्याच दिवशी गाडी घेऊन आले.

"केशरे, माझे भारे काढ. गोरेगावच्या बाजारात बैल न्यायचेत, नवी दावी पायजेत."

"न्हाई निघत, पाटील."

"अगं, भारे माझे हायेत का तुझे?"

"पान्यात हायेत तवर माझे. काठावर आल्यावर मंग तुमचे. तवर बैलाला लुगड्याचा काठ बांधा."

काठावरची माणसं हसली. पाटीलही हसले आणि रिकामी गाडी घेऊन गेले. चौथ्या दिवशी भारे निघाले. तसला वाख पाटलांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पुढं कितीतरी वर्षं ते स्वतःच लोकांना सांगायचे, पाण्यात हाय तवर केशरीला इचारा, मला न्हाई.

बौद्धवाड्यातल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा केशरबाईचा नवरा जळबा यानं ढोरं ओढायचा दोर सगळ्यांच्या आधी जाळला. त्या वेळी कुणीतरी म्हणालं, अंबाडीचंही सोडा, तेही घाणीतलंच काम. केशरबाई म्हणाली, "ते मढं व्हतं. हे झाड हाय." तिनं सोडलं नाही. जळबा पुढं पोटाच्या दुखण्यानं गेला. लेक कनेरगाव नाक्याला दिली होती. उरला पुतण्या अमृतराव. तो सेनगावकडं शाळेवर मास्तर होता, महिन्यातून एकदा यायचा आणि लांबूनच नाकाला रुमाल लावायचा. केशरबाई त्याच्यावर रागवायची नाही. रुमाल कशाला ते तिला समजायचं, पण समजायचं ते ऐकून. तिला स्वतःला वास येत नव्हता. कधी बंद झाला तेही तिला सांगता आलं नसतं. एकदा भाकरी तव्यावर कोळसा होईस्तोवर जळली आणि शेजारीण धावत आली, तेव्हा लक्षात आलं. बोटांचंही तसंच. पेरं फुटून, भरून, परत फुटून शेवटी लाकडासारखी झाली होती. साल सुटली का ते तिला बोटाला कळत नसे. ती काडी खालच्या ओठावरून फिरवायची. ओठ अजून जागा होता.

डोहाच्या खाली अर्ध्या कोसावर तांडा होता. वीस-पंचवीस घरं. विहिरीला खडक लागला होता, म्हणून बाया ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरायच्या. अंबाडीच्या दिवसांत झिऱ्याचं पाणी काळं यायचं. ते वीस-पंचवीस दिवस तांडा एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायचा. कुणी तक्रार करत नव्हतं. तांड्यातली भिकाबाई केशरबाईच्या वयाची. शेळीला दावं पाहिजे असलं की ताकाचा तांब्या घेऊन डोहावर यायची आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून बोलायची.

"केशरबाई, मेल्यावर तुला जाळायचं न्हाई बघ. डोहात घालायचं. बारा दिवसांनी साल सुटंल."

"मंग तुझ्या शेळीला दावं व्हईल माझं. ओढू नको म्हणावं लई."

शहात्तर साली त्या शेतमालकानं विहिरीवर इंजन बसवलं आणि बायांना बंदी केली. तांडा झिऱ्यावरच राहिला. दिवाळीनंतर तांड्यात हगवण लागली. भिकाबाईच्या सुनेचं सहा महिन्यांचं लेकरू पाच दिवसांत गेलं. पुसेगावचा कंपाउंडर म्हणाला, पाणी. तांड्यातली म्हातारी माणसं म्हणाली, देवीचा कोप. तांड्याच्या नाईकानं, किसनसिंगनं, कंपाउंडरकडूनच अर्ज लिहून घेतला आणि हिंगोलीला तहसिलीत नेऊन दिला.

एरवी असल्या अर्जाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पण ते आणीबाणीचं साल होतं. कचेऱ्या वेळेवर उघडत होत्या आणि साहेब लोकांना काहीतरी करून दाखवायचं होतं. राज्यानं पाण्याचा कायदा करून सहा-सात वर्षं झाली होती. तो कारखान्याच्या घाण पाण्यासाठी केलेला. आमच्याकडं कारखाना कुठला? तालुक्याला आलेला साहेब नवा होता, त्यानं कायदा वाचला होता, आणि कुजवलेल्या अंबाडीचं पाणी त्याला त्यात बसवता आलं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीतला तालुका होता. जीप डोहावर आली तेव्हा बरोबर कारकून होता, किसनसिंग होता, आणि झिऱ्याच्या पाण्याची घागर घेऊन भिकाबाई. लेकरू जाऊन बारा-तेरा दिवस झाले होते. ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसली नाही, तशीच उभी राहिली.

गाव जमलं. केशरबाई पाण्यात होती. तिला वर बोलावलं. तिच्या अंगावरून काळं पाणी निथळत होतं. साहेबानं चार पावलं मागं घेतली.

कारकुनानं घागरीतलं पाणी तांब्यात ओतलं. साहेबानं तांब्या नाकाजवळ नेला आणि लगेच परत दिला. म्हणाला, "हे माणसांनी प्यायचं पाणी आहे?"

केशरबाईनं हात पुढं केला. कारकुनाला वाटलं तिला बघायचंय. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि निम्मा प्याली. मग तोंड पुसून म्हणाली, "बराबर हाय की पानी."

ती खोटं बोलत नव्हती. भिकाबाईनं तिच्याकडं बघितलं. घागर उचलून उरलेलं पाणी तिनं तिथंच मातीत ओतलं.

साहेबानं विचारलं, "हे भारे कोणाचे?"

डोहात तेव्हा अकरा जणांचे भारे होते. सगळ्यांत जास्त ग्यानबा पाटलांचे. प्रत्येकाच्या भाऱ्याला केशरबाईनं वेगळी गाठ मारलेली असायची. पाटलांची दुहेरी गाठ, कुणाची फास, कुणाच्या शेंड्याला चिंधी. गाठीवरून तिला सगळी नावं सांगता आली असती. ते अकराही जण काठावर उभे होते. कुणी जमिनीकडं बघत होतं, कुणी जीपकडं.

पाटील म्हणाले, "तिलाच इचारा सायेब. डोहातलं समदं तिचं."

साहेब तिच्याकडं वळला. "बाई, तुझे आहेत?"

"व्हय, माझेच," केशरबाई म्हणाली. "पान्यातले समदे माझे. तीस साल झाले, माझ्याबिगर ह्या डोहात कुनी हात घालत न्हाई."

हे ती मान वर करून बोलली. इतक्या माणसांसमोर, सरकारी माणसासमोर तिचा हक्क कुणी पहिल्यांदाच विचारला होता. कारकुनानं लिहून घेतलं. तिचा अंगठा घेताना त्यानं कागद लांब धरला. अंगठ्याची शाई नीट उठेना, रेघाच उरल्या नव्हत्या. तीनदा घ्यावा लागला.

भारे त्याच दिवशी बाहेर काढायला लावले. अर्धे कुजलेले, ना साल ना वाख. अकरा जणांनी आपापल्या गाठी ओळखून ते गाड्यांत घातले आणि जळणाला नेले.

महिन्याभरानं समन्स आलं. कागद घेऊन केशरबाई अमृतरावाकडं गेली. त्यानं तो दोनदा वाचला.

"काकी, हे तुझे भारे होते असं तू काहून सांगितलंस?"

"व्हतेच माझे."

"तुझं एक तास तरी रान हाये का? अंबाडी पेरली कुणी? कापली कुणी?"

"पान्यात घातली कुनी?"

"काकी, ते तुमच्या डोहावरचं बोलणं. कोर्टात तसं चालत न्हाई. तिथं सरळ सांग, मी मजूर हाये, भारे अमक्या-अमक्याचे. अकरा नावं सांग. मग ते बघतील."

केशरबाई उंबऱ्याबाहेर बसली होती. घरात येऊ नको असं अमृतरावाची बायको म्हणाली नव्हती, पण पाट बाहेर टाकला होता. ती कागदावरच्या शिक्क्याकडं बघत होती.

"मालकाचे म्हनलं, तर मंग उद्या डोहात माझं काय ऱ्हायलं, बाबा?"

"तिथं आता काहीच राहणार नाही. बंदी झालीय."

"बंदी उठंल. सायेब बदलंल. पन माझ्या तोंडानं एकदा मालकाचे म्हनलं की ते मालकाचे झाले."

अमृतराव मास्तर होता, सरकारी नोकर होता, आणि त्या साली सरकारी नोकर फार बोलत नसत. त्यानं वकिलाचं नाव काढलं नाही. तारखेच्या दिवशी मात्र रजा टाकून तो बरोबर गेला. पुसेगावपर्यंत पायी, तिथून एसटी. एसटीत केशरबाईच्या शेजारची जागा हिंगोलीपर्यंत रिकामी राहिली. अमृतराव पुढं ड्रायव्हरच्या मागं बसला.

पहिल्या तारखेला तालुक्याचा साहेब आला नाही. दुसऱ्या तारखेला कोर्ट नव्हतं. तिसऱ्या तारखेला नाव पुकारलं. साक्षीदार म्हणून भिकाबाई आली होती, किसनसिंगबरोबर. अकरा जणांतलं कुणी नव्हतं. ग्यानबा पाटलांनी निरोप दिला होता, पेरणी आटोपली की येऊन जाऊ. माघात कसली पेरणी, हे तिनं विचारलं नाही.

न्यायाधीश वयानं मोठे होते. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"गुन्हा कबूल आहे का?"

"गुन्ह्याचं मला ठाव न्हाई सायेब. भारे मी घातले."

"दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून?"

अमृतराव मागं उभा होता. त्यानं मान वर केली.

"न्हाई. डोहात मला कुनी सांगत न्हाई."

न्यायाधीशांनी तिच्या हातांकडं पाहिलं. मग काहीतरी इंग्रजीत बोलले, कारकुनानं लिहिलं. शिपायानं येऊन सांगितलं, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय ते तिला कळलं नाही. अमृतरावानं समजावलं. कोर्ट संपेपर्यंत इथं बाकड्यावर बसायचं. मग सुटका. पुन्हा डोहात भारे घातले तर मात्र मोठी शिक्षा.

"नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"काम काय?"

"काहीच न्हाई काकी. ही कैद हाये."

बाकडं भिंतीला लागून होतं. वर पंखा फिरत होता. तिथं बसलेली माणसं एकेक करून उठली आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली. शिपायानं खिडकी उघडली. केशरबाई बसून राहिली. एका बांधाची भांडणं आली, गेली. एक सायकल चोरणारा आला, गेला. तिला आठवेना की दिवसाउजेडी आपण इतका वेळ नुसतं कधी बसलो होतो. जळबा गेला त्या दिवशी बसली असेल. पण त्या दिवशीही दुपारी थर काढायचा होता म्हणून ती डोहावर गेली होती.

दुपारी कोर्ट जेवायला उठलं. केशरबाईही उठली. शिपाई म्हणाला, "हे उठणं न्हवं बाई. संध्याकाळी उठतं ते." ती परत बसली. अमृतराव चहाला गेला.

भिकाबाई आत आली आणि तिच्याजवळ बाकड्यावर बसली. हातभर अंतर सोडून नाही, लागूनच. फडक्यातली भाकरी मोडून तिनं अर्धी पुढं केली. वर मिरचीचा ठेचा. दोघी खायला लागल्या. लेकराचा विषय भिकाबाईनं काढला नाही. केशरबाईला काढायचा होता, पण कुठून सुरू करावं ते तिला सुचेना. तिनं दुसरंच विचारलं.

"समदे उठून गेले बघ हितून. मला खरंच वास येतो का गं?"

"येतो."

"कसा येतो?"

भिकाबाईनं घास गिळला.

"आमच्या झिऱ्यासारखा," ती म्हणाली.

केशरबाईनं उरलेली भाकरी पदराला पुसलेल्या हातात तशीच धरून ठेवली. नंतर ती खाल्ली. ठेचा तिखट होता, ते फक्त ओठाला कळलं. भिकाबाई फडकं झटकून गेली. जाताना म्हणाली, "एसटी पाचला हाय. मी थांबते."

संध्याकाळी न्यायाधीश उठले. शिपाई म्हणाला, "चला बाई, झालं." केशरबाई लगेच उठली नाही. पाय बधीर झाले होते.

आणीबाणी उठली, साहेब बदलला. बंदी उठली नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी तालुक्याहून कागद आला, अंबाडी ओढ्यात घालायची नाही, ज्यानं त्यानं आपल्या रानात ओढ्यापासून लांब खड्डा खणावा. ग्यानबा पाटलांनी सगळ्यांच्या आधी खणला. इंजनानं पाणी भरलं आणि केशरबाईला निरोप धाडला. ती गेली. काष्टा खोचून खड्ड्याच्या काठावर उभी राहिली.

"पाटील, माझा पाचवा हिस्सा तसाच ना?"

"आता हिस्सा कसला, केशरे? रोजानं ये."

"काहून? पान्यात हाय तवर भारा माझा."

पाटील यावेळी हसले नाहीत. रागावलेही नाहीत. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तो डोह व्हता, बाई. कुनाच्या बापाचा नव्हता. हा खड्डा माझ्या रानात हाय. पानी माझं, इंजन माझं. ह्यात भारा तुझा कसा व्हईल, तूच सांग."

केशरबाईनं काष्टा पुन्हा आवळला. ती खड्ड्यात उतरली आणि थर लावायला लागली. खड्ड्याचं पाणी थांबलेलं, कोमट होतं. त्यात अंबाडी लवकर कुजते, हे तिला दुसऱ्याच दिवशी पायाला कळलं. सातव्या दिवशी तिनं एक काडी उपसून ओठावरून फिरवली. साल सुटली होती. काठावर पाटील बसले होते. त्यांनी विचारलं, "झालं का गं?"

"तुमी सांगाल तवा," केशरबाई म्हणाली.

पाटलांनी जुन्या हिशेबानं बाराव्या दिवशी भारे काढले. वाख हातात घेतला की तुटत होता. पाटील हिंगोलीहून नायलॉनचे दोर घेऊन आले. निळे. दोन-तीन वर्षांत गावात सगळ्यांकडं निळेच दोर झाले आणि अंबाडी भाजीपुरती राहिली.

केशरबाई त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगली. खुरपायला जायची. हातांचा वास गेला, असं लोक सांगायचे. तिला फरक नव्हता. अमृतरावाच्या घरात पाट आत टाकला जायला लागला.

दिवाळीच्या दिवसांत ती कधीकधी जांभळीच्या डोहावर जायची. डोहाचा तळ तिनं त्या दिवसांत कधी पाहिलेला नव्हता. आता पाणी निवळ असायचं आणि तळाशी तिचे दगड दिसायचे, ज्या थराला जे लागायचे तसे, रांगेत. झिऱ्यापेक्षा इथं घागर लवकर भरते म्हणून तांड्याच्या बाया इथवर यायला लागल्या होत्या. पाय घसरू नये म्हणून त्या दगडांवर उभ्या राहायच्या. एकदा भिकाबाईच्या सुनेनं एक दगड हलवून काठाशी घेतला आणि वर बघून म्हणाली, "घेतला तर चालंल का, मावशी?"

केशरबाईनं तो कुठला दगड ते पाहिलं. बुडख्याकडचा, मधला.

"घे," ती म्हणाली.